आर्गी-बार्गी आणि आमची हुज्जत

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या इंग्रजीच्या सरांनी वर्गात सांगितले होते, की पुस्तकातील इंग्रजी डोळ्यांना कळते, पण कानाला कळेलच असे नाही. तेव्हा कानालाही सवय लावा. वसतिगृहात क्रिकेट सर्वांच्याच आवडीचे असल्यामुळे मी सामन्याचे समालोचन इंग्रजीतून ऐकण्याचा परिपाठ सुरू केला. चेंडू कुठे गेला हे डोळ्यांना दिसतेच, त्यामुळे निम्मे वाक्य आपोआप समजते. उरलेले निम्मे वहीत लिहून ठेवायचे.

एका सामन्यात गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात काही बोलणे झाले. दोघे एकमेकांच्या अंगावर जातात की काय असे वाटले, तेवढ्यात पंच मध्ये पडले. समालोचक हसत हसत म्हणाला, की तिकडे थोडी अर्जी-बिर्जी चालली आहे. मला तरी तसेच ऐकू आले. मी चक्रावलेच. भर मैदानात हे लोक कुणाला अर्ज करतात? आणि इंग्रज समालोचकाला आमची 'अर्जी-बिर्जी' कुठून माहीत?

दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. ते आधी पोट धरून हसले (त्याचे मला वाईट वाटले नाही, मलाही नंतर हसू आले) आणि मग म्हणाले, "अगं, आर्गी-बार्गी! भांडण. मूळ स्कॉटिश शब्द आहे. ग्रंथालयात जा आणि शोध, कुठून आला ते." मी गेले. ज्यासाठी गेले ते तर सापडलेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सापडली. ती माझ्या घरची होती. तिच्याबद्दल लिहावे असे फार दिवस मनात आहे.

आधी शब्दाचे सांगते. 'आर्ग्यू' म्हणजे वाद घालणे, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ स्पष्ट करणे, सिद्ध करणे असा. पंडितांचा आणि वकिलांचा शब्द. तो स्कॉटलंडच्या बाजारात आणि चुलीपाशी पोचला, तेव्हा लोकांनी त्याला आपल्या तोंडाप्रमाणे वळवून 'आर्गल' केले. मग त्याला एक जोडीदार दिला, 'बार्गल'. या बार्गलला स्वतःचा असा अर्थ नाही. तो केवळ नादासाठी आहे. एडिंबरोचा कवी अ‍ॅलन रॅम्से, जो आधी केसांचे टोप बनवण्याचा धंदा करीत असे, त्याच्या अठराव्या शतकातील कवितेत 'ऑर्गल-बार्गेन' असे रूप आढळते. म्हणजे तिथे दुसऱ्या भागात बाजारातली घासाघीस सरळच ऐकू येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'आर्गी-बार्गी' हे रूप छापील मजकुरात दिसू लागले आणि तिथून ते इंग्लंडात व ऑस्ट्रेलियात पसरले. आता खेळाच्या समालोचनात तर त्याचा अर्थ धक्काबुक्कीपर्यंत जाऊन पोचला आहे, कारण इंग्रजीत 'बार्ज' म्हणजे अंगाने रेटणे, आणि ऐकणाऱ्याला बार्गीत तेच ऐकू येते.

मला खरी गंमत वाटली ती त्या 'ब'ची. आपण चहाबिहा म्हणतो, पुस्तकबिस्तक म्हणतो, भांडणबिंडण म्हणतो. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये, जे नाटक स्कॉटलंडातच घडते, पहिल्याच प्रवेशात चेटकिणीच्या तोंडी 'हर्ली-बर्ली' हा शब्द आहे. त्यातही पुन्हा 'ब'. म्हणून स्कॉट लोक आमचे भाऊबंद, असे काही मी म्हणणार नाही. इंग्रजीत अशा जोड्या इतर अक्षरांनीही होतात, आणि आपल्या 'बि'चा अर्थ बहुधा 'वगैरे' एवढाच असतो. पण त्या 'वगैरे'त कधी कधी एक तुच्छता असते. 'अर्ज' म्हटले की तो कागद असतो. 'अर्जबिर्ज' म्हटले की त्या कागदाची टोपलीत जाण्याची वेळ झालेली असते. आर्ग्यूचे आर्गल-बार्गल झाले तेव्हाही असेच काहीतरी झाले असावे. मुद्दा गेला आणि नाद राहिला.

आपल्या 'हुज्जत'चे नेमके हेच झाले आहे, हे मला शब्दकोश चाळताना कळले. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, प्रमाण, आधार देऊन केलेले प्रतिपादन. मराठीत मात्र हुज्जत घालणे म्हणजे उगाच फाटे फोडणे. 'कज्जा' हाही असाच कचेरीच्या पायरीवरून गावात उतरलेला अरबी शब्द; मूळ अर्थ प्रकरण, दावा; आमच्या माणदेशात बांधावरच्या भांडणालाही कज्जा म्हणतात. रोममध्ये जे सिद्ध करणे होते ते स्कॉटलंडात आर्गल-बार्गल झाले, आणि अरबस्तानात जे प्रमाण होते ते माणदेशात हुज्जत झाले. दोन्हीकडे विद्वानांचा शब्द गरिबाच्या तोंडी गेला, की त्याचे भांडण होते. शब्द बिघडला असे विद्वान म्हणतात. मला वाटते, शब्दाचा अर्थ केवळ बोलणाऱ्याने बदलला नाही. तो ऐकणाऱ्याने बदलला. गरीब माणूस मुद्दा मांडत होता आणि खुर्चीतल्या माणसाला तो केवळ आवाज ऐकू आला.

हे मी हवेत बोलत नाही. स्कॉट लोकांच्याच इतिहासात याला चांगला दाखला आहे. त्यांचा भांडणाचा आणखी एक जुना शब्द आहे, 'फ्लायटिंग'. जुन्या इंग्रजीतल्या 'भांडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो आलेला. चौथ्या जेम्स राजाच्या दरबारी विल्यम डनबार आणि वॉल्टर केनेडी या दोन कवींनी एकमेकांना कवितेत यथेच्छ शिव्या घातल्या. रूप, कूळ, भाषा, प्रांत, काही म्हणून सोडले नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात शाहीर समोरासमोर उभे राहतात, तोच थोडासा प्रकार. मात्र तिथे शिव्यांना मोकळे रान होते. या काव्याला 'फ्लायटिंग' म्हणत आणि दरबार ते ऐकून खूश होई. स्कॉटलंडमधल्या पहिल्या छापखान्याने १५०८ साली ज्या पुस्तिका छापल्या, त्यांतच या भांडणाचाही समावेश आहे. म्हणजे ग्रंथ छापण्याची सोय झाली आणि लगोलग भांडण छापले गेले. मला हे वाचून फार बरे वाटले.

पण त्याच शतकात, त्याच देशात, त्याच शब्दाचे दुसरे टोक पाहा. गावोगावच्या चर्चच्या पंचमंडळीपुढे लोकांच्या वागणुकीचे खटले चालत. त्यांत 'फ्लायटिंग' हा एक गुन्हा होता. रस्त्यात, बाजारात किंवा शेजारणीशी मोठ्याने भांडणाऱ्या बाईला पंचांपुढे उभे करीत. पुरुषांवरही असे आरोप होत, परंतु या गुन्ह्याचे नाव घेतले की डोळ्यांपुढे बाईच यायची. तिला दंड होई, भर प्रार्थनेत सर्वांसमोर उभे राहून माफी मागावी लागे, आणि काही ठिकाणी तर 'ब्रँक्स' नावाचा लोखंडी सापळा तिच्या डोक्याभोवती अडकवीत. त्याला आतून एक पट्टी असे. ती जिभेवर दाबून बसे, म्हणजे बोलता येऊ नये. स्कॉटलंडात या सापळ्याची पहिली नोंद १५६७ सालची आहे.

दरबारात कवीने केले तर फ्लायटिंग म्हणजे काव्य. कोळणीने केले तर फ्लायटिंग म्हणजे गुन्हा. शब्द तोच. हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण मला दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली.

बारावीनंतर प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आई आणि मी पहाटेच्या एसटीने तालुक्याला गेलो. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही. दोन तास रांगेत उभे राहिल्यावर आमचा नंबर आला. खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज उलटसुलट केला आणि रहिवासी दाखला जोडलेला नाही म्हणून परत केला. आईने तो घेतला नाही. आई दुसरीपर्यंत शिकली आहे. खुरपणीला जाते. ती म्हणाली, "सायेब, रहिवासी दाखला गेल्या वर्सी तुमच्याच हापिसानं दिलाय. त्याची नक्कल तुमच्याच दप्तरात हाय. आन् घर काय चाकावर न्हाई, की सालात दुसऱ्या गावाला गेलं आसंल."

मी आज वादविवादाचे थोडेफार तंत्र शिकले आहे. त्या आधारे सांगते, की या तीन वाक्यांत एकही वावगे नव्हते. पहिले वाक्य म्हणजे पुरावा. दुसरे, तो पुरावा समोरच्याच्या ताब्यात असल्याचे निदर्शनास आणणे. तिसरे, परिस्थिती बदललेली नसल्याचे अनुमान, वर एक दृष्टान्त. अरबी अर्थाने ही शंभर टक्के हुज्जत होती. त्यावर उत्तर आले, "बाई, हुज्जत घालू नका. असलं अर्जीबिर्जी इथं चालत नाही. मागं सरका." मागून रांगेतला कुणीतरी म्हणाला, "लई कजाग दिसतीय बाई."

आई सरकली नाही. तेच तीन मुद्दे तिने पुन्हा सांगितले, या वेळी मोठ्याने. आणि मी काय केले? मी मान खाली घातली. तिचा पदर धरून हळूच ओढला. मला लाज वाटत होती ती त्या गृहस्थांची नव्हे, आईची. तिच्या 'हाय'ची, 'आन्'ची, तिच्या आवाजाची. तिला शुद्ध बोलता आले असते तर, असे माझ्या मनात आले. आम्ही त्या दिवशी तसेच परत आलो आणि दुसऱ्या खेपेला रहिवासी दाखल्याचे वेगळे पैसे भरले. दोन दिवसांची आईची मजुरी बुडाली.

शुद्ध बोलण्याची ही हौस स्कॉट लोकांनीही पुरी केली आहे. १७०७ साली त्यांचे राज्य इंग्लंडशी एक झाले आणि त्यांची संसद लंडनला गेली. त्यानंतर एडिंबरोतल्या शिकल्यासवरल्या लोकांना आपल्या बोलण्याची शरम वाटू लागली. डेव्हिड ह्यूम हा केवढा तत्त्ववेत्ता; त्यानेही लेखनात टाळायच्या स्कॉटिश शब्दप्रयोगांची यादी केली होती. १७६१ साली टॉमस शेरिडन नावाच्या नटाने एडिंबरोत इंग्रजी वक्तृत्वावर व्याख्याने दिली, तेव्हा ती ऐकायला मोठमोठे सरदार आणि वकील लोटले. त्यातला विनोद असा, की शेरिडन स्वतः आयरिश होता! पुढे १७८७ साली जेम्स बीटी या प्राध्यापकाने असल्या 'दोषां'चे पुस्तकच काढले. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी रॉबर्ट बर्न्स या शेतकऱ्याच्या पोराने त्याच दोषांत कविता छापून सर्वांना गप्प केले होते. आणि १८०८ साली जॉन जेमीसन या धर्मोपदेशकाने त्याच टाकाऊ शब्दांचा दोन खंडांचा कोश केला.

हे आपल्याला परके वाटायला नको. १८२४ साली मुंबईत मराठीचा कोश छापणारे मेजर व्हान्स केनेडी स्कॉटच होते. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आहे ते डॉ. जॉन विल्सन स्कॉट, आणि मराठ्यांची बखर लिहिणारा ग्रँट डफही स्कॉट. आपल्या लोकांना ज्यांनी इंग्रजी शिकवले त्यांतल्या कित्येकांच्या आज्या-पणज्या घरी जे बोलत, ते त्यांच्याच देशात अडाणी ठरले होते. स्कॉटलंडच्या शाळांत घरची बोली बोलल्याबद्दल मुलांना अगदी विसाव्या शतकातही शिक्षा होत. आता २०२५ साली तिथल्या संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्स भाषेलाही अधिकृत दर्जा दिला आहे. तरी आर्गी-बार्गीला आपण अजून 'स्लँग' म्हणतो. ज्या घरात तो शब्द रोज बोलला जात होता, त्या घरात तो स्लँग नव्हता. तिथे तो नुसता शब्द होता.

यावर कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? आर्गी-बार्गी आता मोठमोठ्या इंग्रजी कोशांत आहे, समालोचकांच्या तोंडी आहे. तिचे तर चांगलेच झाले की! मलाही आधी असेच वाटले होते. ते शब्द भांडतात कसे तेही पाहण्यासारखे आहे: 'स्टुशी', 'रॅमी', 'स्ट्रमॅश', ऐकूनच दोघे-तिघे एकमेकांवर पडल्यासारखे वाटतात. यांतला स्ट्रमॅश तर आर्थर माँटफर्ड या फुटबॉल समालोचकाने घराघरांत नेला. पण हे शब्द वरच्या मजल्यावर गेले ते कोणत्या कामासाठी गेले, तेही पाहिले पाहिजे.

२०१३ सालचे एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात विंडसर खटल्याचा निकाल लागला. विवाह फक्त स्त्री आणि पुरुष यांचाच, असे मानणाऱ्या केंद्रीय कायद्यातील व्याख्या बहुमताने घटनाबाह्य ठरवली गेली. न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांचे मत विरुद्ध होते. आपल्या भिन्न निकालपत्रात त्यांनी बहुमताच्या युक्तिवादाला 'कायदेशीर आर्गल-बार्गल' म्हटले, आणि अमेरिकेत लोक कोश उघडून त्या शब्दाचा अर्थ शोधू लागले. निकालाची बाजू कोणती बरोबर, हा माझ्या लेखाचा विषय नाही. मला दिसले ते एवढेच, की जगातल्या एका मोठ्या न्यायासनावर बसलेल्या विद्वानालाही दुसऱ्याचा मुद्दा खोडण्यापेक्षा तो मुद्दाच नाही असे म्हणायचे होते, तेव्हा त्याने स्कॉटिश बाजारातला शब्द उचलला. आपल्या स्वतःच्या युक्तिवादाला त्यांनी आर्गल-बार्गल म्हटले नाही. कुणीच म्हणत नाही. मी मुद्दा मांडते, तू हुज्जत घालतेस. मी चर्चा करतो, ते भांडतात. हे शब्द स्वतःसाठी कुणी वापरल्याचे मला तरी आढळले नाही. ते नेहमी काचेच्या पलीकडच्या माणसासाठी असतात.

आणि ती पलीकडची व्यक्ती बाई असेल, तर मराठीत शब्दांना तोटाच नाही. कजाग, भांडकुदळ, तोंडाळ, कैदाशीण. पुरुष मोठ्याने बोलला तर 'स्पष्टवक्ता'. आमच्याकडे लोखंडी सापळा नव्हता, हे खरे. पण त्या दिवशी रांगेत 'कजाग' हा शब्द आला आणि मी आईचा पदर ओढला, तेव्हा सापळ्याचे काम दुसऱ्या कशाने झाले, हे आता मला कळते. ती पट्टी मीच धरली होती.

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मला ढाल मिळाली. विषय होता, उच्च शिक्षण मातृभाषेतूनच असावे की काय. परीक्षकांनी माझे कौतुक करताना सांगितले, की मी पुरावा आधी देते, मग प्रतिपक्षाच्याच बोलण्यातून त्याला बांधते आणि शेवटी एखादा घरगुती दृष्टान्त देते. ही पद्धत कुठे शिकलीस? मी म्हणाले, वाचनातून. हे खोटे होते. टाळ्या वाजत होत्या आणि मी 'आहे', 'आणि' असे शुद्ध शुद्ध बोलत होते. शुद्ध बोलण्यात वाईट काही नाही, परीक्षेत तेच लिहावे लागते. पण तंत्र आईचे आणि ढाल माझी, असा तो व्यवहार झाला. खिडकीपाशी जी हुज्जत होती ती व्यासपीठावर वादविवाद ठरली, आणि मध्ये फरक होता तो दोन-चार उच्चारांचा आणि एका खुर्चीचा.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने मला मित्रमैत्रिणींना एवढेच विचारायचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. उद्या कुणी त्या खिडकीच्या आत बसेल. तेव्हा बाहेरून येणाऱ्या आवाजातले मुद्दे आपल्याला मोजता येतील का? आपण इथे तर्कशास्त्राच्या तासाला वाद, जल्प आणि वितंडा यांतला फरक पाठ करतो. तो फरक 'हाय' आणि 'आन्' म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यातही ओळखता आला, तरच त्या पाठांतराचा काही उपयोग. नाहीतर आपलेही कान त्या समालोचन ऐकणाऱ्या माझ्यासारखेच. समोर काहीतरी चालले आहे एवढे कळते, आणि आर्गी-बार्गीची अर्जी-बिर्जी ऐकू येते.

ढाल प्राचार्यांच्या खोलीत राहते. मला प्रमाणपत्र मिळाले, ते मी दिवाळीत घरी नेले. आईने विचारले, "कशाचं हाय ह्ये?" मी सांगितले, वाद घालण्याचे. ती कागद उलटसुलट करून म्हणाली, "भांडल्यावर बक्षीस देत्यात व्हय? मग माझं गाडाभर ऱ्हायलंय की गं." मी तिला रॅम्सेची, कोळणींची आणि त्या लोखंडी सापळ्याची गोष्ट सांगितली. सापळ्याचे ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जिभेवरच पट्टी? मग जेवत कशा आसतील त्या?"

जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला पुन्हा काढायचा आहे. आई म्हणते, आता तू शिकलीस, तू बोल. मी सांगितले आहे, की कागद मी धरीन. बोलायचे तिनेच.